परवाच्या नळ्या

आमच्या शेजारच्या नानांना दोनच दिवस माहीत. एक आज, आणि दुसरा परवा. पाऊस कधी झाला? परवा. म्हैस कधी व्याली? परवा. पोलीस ॲक्शनला किती वर्षं झाली म्हणून कुणी विचारलं, तर नाना मांडी बदलून म्हणायचे, "परवाच तर आल्या की फौजा." विचारणाऱ्याचा जन्म त्यानंतरचा, आणि त्यालाही आता पोरं झालेली. पुढचंही तसंच. माझी शिडी नेली ती परवा देतो म्हणून. ती अजून त्यांच्याच भिंतीला टेकून आहे. तिच्यावर दोडक्याचा वेल गेलाय.

मी एसटीवर ड्रायव्हर होतो. शाळा म्हणाल तर चौथी, तीही मास्तर कंटाळले म्हणून. पण गाडी बिघडायच्या आधी मला वास येतो. आणि एकदा वास आला की कलेक्टर आडवा येऊ दे, मी हटत नाय. नानाही हटणारे नव्हेत. अशी दोन माणसं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिली की काय होतं, ते त्या भिंतीला विचारा.

नाना मूळचे करमाडचे, जमीनजुमल्यातले. पोलीस ॲक्शननंतर निजामाचा एक बडा अंमलदार बिऱ्हाड गुंडाळून हैदराबादेला निघाला, तेव्हा नानांच्या वडलांनी त्याची मोटार घेतली. शर्यतीची गाडी म्हणायचे तिला. तांबडीभडक, बिनटपाची, बसायला दोनच जागा, आणि इतकी बुटकी की शेजारून बैलगाडी गेली तर बैल आत डोकावायचा. वडलांना वाटलं, ज्वारीची पोती न्यायला होईल. एक पोतं बसवलं तर बाकी काही बसेना. वडलांनी हात जोडले, आणि गाडी नानांकडं आली.

नाना तिला बेगम म्हणत. गोठ्यातली जनावरं हलवून बेगमला आत घेतली. तिच्या वीस पावलांत बिडी नाय, काडी नाय. फाटकाशी एक कोनाडा होता, आलेल्या माणसानं काडीपेटी त्यात ठेवायची. आहेर घेऊन आलेल्या व्याह्याचेही खिसे नानांनी चाचपलेले मी पाहिलेत.

आणि बॉनेट म्हणजे बेगमचा पडदा. तो उचलायचा हक्क दोघांनाच, नाना आणि वहिनी. वहिनी म्हणजे नानांची बायको. लुगड्याचा काष्टा खोचून त्या नानांच्या बरोबरीनं इंजिनात हात घालायच्या, तेव्हा सगळी आळी भिंतीवर चढून बघायची. पोरगी सुमी चौथीत होती, तेव्हा वहिनी तापानं गेल्या. मग पडदा उचलायचा झाला तर नाना आधी गोठ्याचं दार लावून घ्यायचे. मला एवढी चाळीस सीटांची गाडी सरकारनं दिली, पण ते दोन सीटांचं इंजिन नानांनी कधी दाखवलं नाय.

सुमीचं लग्न फुलंब्रीत ठरलं. नानांनी जाहीर केलं, पोरगी सासरी बेगममधून जाईल, मी स्वतः सोडायला जाईन. लोक खूश झाले. मी झालो नाय. महिनाभर भिंतीवरून मला पेट्रोलचा वास येत होता.

मी सांगितलं, पेट्रोलच्या नळ्या रबरी असतात, जुन्या झाल्या की तडकतात, तेवढ्या बघा. नाना म्हणाले, "परवाच बदलल्यात."

मी दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. नाना म्हणाले, डिझेलवाल्यानं पेट्रोलला नाक लावू नये. मी म्हणालो, नाक एकच असतं. त्यावर नाना आत गेले आणि मी शिडी मागितली. ती परवा मिळणार होती.

मग हळदीचा दिवस आला. अंगणात मांडव, पाव्हण्यांची गर्दी. आचाऱ्यानं वाऱ्याचा आडोसा बघून चर खणला तो नेमका गोठ्याच्या कुडाला लागून. चांगली बाभळीची लाकडं पेटली होती, वर भाताचं पातेलं. नाना पाव्हण्यांत गुंतलेले, त्यांचं लक्ष नव्हतं. मी आलो आणि ते बघितलं. आचाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मोटार काय बिडी पिती का?

एवढ्यात फुलंब्रीच्या दोन पाव्हण्यांना बेगम दाखवायला नाना गोठ्यात शिरले. मीही मागं गेलो. नानांनी ऐटीत चावी फिरवली.

या गाडीची एक खूण होती. चावी फिरवली की मागचा छोटा पंप पेट्रोल ओढतो आणि टिक टिक असा बोलतो. इंजिनात पेट्रोल भरलं की आपोआप गप्प होतो. भिंतीपलीकडून ऐकून मला ते पाठ होतं. आठ-दहा टिकटिक, मग शांत.

त्या दिवशी पंप गप्प होईना.

नाना पाव्हण्यांना सांगत होते की बेगम बोलती बघा, आणि पंप टिक टिक टिक चालूच. पंप थांबत नाय म्हणजे पेट्रोल भरत नाय. भरत नाय म्हणजे कुठंतरी सांडतंय. मी खाली वाकलो. बॉनेटखालून धार लागली होती, बोटाएवढी. जमीन उताराची. ओल कुडाकडं निघाली होती, आणि कुडाच्या पलीकडं बाभूळ तडतडत होती.

"नाना, चावी बंद करा."

"परवाच बदल..."

मी त्यांचा हात धरून चावी फिरवली. पाव्हणे बाजूला ढकलले. बाहेर धावलो. पाणी दूर होतं, हाताशी मठ्ठ्याचं भलं मोठं पातेलं होतं. ते उचलून चरात ओतलं. एवढ्या मठ्ठ्याची वाफ मी जन्मात पाहिली नव्हती. आचारी माझ्या अंगावर आला. मी त्याला मानगुटीला धरून गोठ्यातली ओल दाखवली, तेव्हा तो कडेला जाऊन बसला आणि पाणी मागायला लागला.

चर माझ्या अंगणात हलवला, ओलीवर माती टाकली. मी मोंढा नाक्याला जाऊन पेट्रोलची नवी नळी आणि क्लिपा आणल्या. आलो तर नाना गोठ्यात, बॉनेटवर हात ठेवून बसलेले. मी म्हणालो, उठा. ते म्हणाले, दुसऱ्या मोटारीनं पाठवू सुमीला, हिला हात लावायचा नाय. मी म्हणालो, आज आळी जळाली असती. मी पडदा उचलला. त्यांनी अडवलं नाय, नुसतं तोंड फिरवलं.

नळी दगडासारखी कडक झाली होती, ठिकठिकाणी तडे. एक टोक मी काढलं. दुसरं कार्बोरेटरच्या मागं, इंजिनाच्या पत्र्याला चिकटून. तिथं माझा पंजा जाईना. एसटीच्या स्टेअरिंगनं हाताचं फावडं केलेलं. सालं निघाली, रक्त आलं, क्लिप काही हाताला लागेना.

मी वैतागून विचारलं, "हितं कुणाचा हात गेला हुता शेवटचा?"

"तिचा," नाना म्हणाले.

"कवा?"

"परवा."

मी हात बाहेर काढला आणि धोतराला पुसला. वहिनींना जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती.

दारात सुमी उभी होती. अंगभर हळद, हातात हिरवा चुडा. म्हणाली, काका, सरका, माझा हात जातोय. तिच्या मागून आत्याबाई, म्हणजे नानांची बहीण, ओरडत आल्या. हळद लागलेली नवरी उंबऱ्याबाहेर आलीच कशी, आणि त्या लोखंडात हात घातला आणि चुड्यातली एक जरी बांगडी वाढली, तर फुलंब्रीवाल्यांना काय तोंड दाखवायचं? चुडा काढता येत नाय आणि फुटलेला चालत नाय. जागा तर चार बोटांची. आता मलाही नको वाटायला लागलं.

मग नाना उठले. खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची एक धांदोटी फाडली. सुमीचा हात धरून बांगड्या कोपराच्या वर सारल्या आणि वरून आवळून बांधल्या.

"तुझी आई असंच करायची," ते म्हणाले. "तळहात खाली ठेव. आंगठा मिटून घे. क्लिप डाव्या अंगाला हाय."

सुमीनं हात घातला. आत्याबाईंनी डोळे मिटले. आत काच लोखंडाला लागल्याचा किणकिण आवाज झाला, आणि नाना म्हणाले, "दमानं." जुनी नळी बाहेर आली. नवी आत गेली. स्क्रू फिरत होता, तो दिसत नव्हता, नुसता तिनं दातात धरलेल्या ओठावरून कळत होता. हात बाहेर आला, तेव्हा आत्याबाईंनी बांगड्या मोजल्या. सगळ्या होत्या.

नानांनी चावी फिरवली. टिक टिक टिक. कुणी हललं नाय. टिक टिक. टिक.

मग शांत.

दुसऱ्या दिवशी बेगम नवरीला घेऊन फुलंब्रीला गेली. मागं एसटीत आम्ही सगळे. काळ्या नळीवर पिवळी बोटं उमटली होती, ती नानांनी पुसू दिली नाय. परत येताना मी बेगममध्ये बसावं म्हणून आग्रह केला नानांनी. मी बसलो. मोकळा रस्ता, तरी या माणसानं अख्ख्या वाटेत बेगम बैलगाडीच्या चालीनं आणली.

त्यानंतर चारेक महिन्यांची गोष्ट. नाना भिंतीवरून म्हणाले, "ड्रायव्हर, नळ्या बघाव्या लागतील. लई दिवस झाले."

मला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. नानांच्या तोंडून "लई दिवस" मी कधी ऐकलं नव्हतं. गेलो. पडदा त्यांनीच उचलला. नळी मऊ, कुठं तडा नाय, गळती नाय. पिवळी बोटं जशीच्या तशी. मी वास घेतला. नुसता स्वच्छ इंजिनाचा वास.

नाना माझ्याकडं बघत नव्हते. म्हणाले, आत तुझा हात तर जात नाय.

गाडीच्या बाबतीत मी जन्मात खोटं बोललो नाय. तरी म्हणालो, व्हय नाना, नळी गेलीच म्हणायची. फुलंब्रीच्या एसटीचा कंडक्टर माझ्या ओळखीचा. त्याच्याजवळ सुमीला निरोप दिला, बेगमच्या नळ्या बघायच्यात, कधी येतीस ते कळव.

संध्याकाळी कंडक्टर उत्तर घेऊन आला. नाना फाटकातच उभे होते. त्याचे खिसेसुद्धा त्यांनी चाचपले नाय.

कंडक्टर म्हणाला, "परवा येते म्हणाल्या."

नानांनी फाटकाची कडी धरली. त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"परवा म्हंजी नेमकं कवा?"