डांगर फोडायला माणूस

परभणीहून येणारी एष्टी दुपारी आमच्या गावात थांबायची. कंडक्टर चहाला म्हणून खाली उतरला, की केवळाकाकू त्याचं मनगट धरायची आणि सरळ घरात घेऊन जायची. बस उभी, ड्रायव्हर हॉर्न बडवतोय, आतली माणसं खिडक्यांतून मुंड्या काढून बघायलेत, आणि कंडक्टर काकूच्या ओसरीवर उकिडवा बसून डांगर फोडतोय. तिकिटांची पेटी गळ्यात तशीच.

"जोर लावा की वो! सरकारचा पगार खाताव आन् डांगर फुटंना व्हय?"

डांगर म्हणजे आपला तांबडा भोपळा. आमच्याकडची जुनी रीत अशी, की अख्ख्या डांगराला बाईनं कोयता लावायचा नाही. डांगर म्हणजे घरातला थोरला लेक. लेकावर कुणी हत्यार उचलतं का? तेव्हा पहिला घाव पुरुषानं घालायचा. मग बाईनं त्याची भाजी करा, घाऱ्या करा, कुणी विचारत नाही. घरोघरी हे काम नवरा करतो, नवरा नसला तर लेक. केवळाकाकूचा नवरा कधीच वारला होता आणि एकुलता लेक दिगंबर औरंगाबादला कंपनीत. म्हणून एष्टीचा कंडक्टर.

काकू माझी सख्खी काकू नव्हे. शेजारीण. तिच्या घराची आणि आमची भिंत एकच. मी लग्न होऊन पाथरीहून या गावात आले तेव्हापासून ती मला 'पाथरीवाली' म्हणायची, ते शेवटपर्यंत. गाव चुडाव्याच्या ठेसनापासून दोन कोसांवर. तिथं काकूला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि तिच्या ओसरीवर एकदा तरी कोयता हातात धरला नाही असा बाहेरगावचा पुरुषही विरळाच.

आता ही बाई भोळीभाबडी, रीतीभातीला भिणारी असती तर गोष्ट वेगळी. पण कसली भिते! स्वतः वखर हाकायची. माळवदावर चढून माती टाकायची. पेरणीला तिफणसुद्धा धरायची. बाईनं तिफण धरू नये म्हणून गावातली म्हातारी माणसं कुरकुरली, तर म्हणाली, "मग तुमी या की धरायला. न्याहारी मी देते." कुणी गेलं नाही. श्रावणात शनिवारी मारुतीपुढं नारळही स्वतःच फोडायची, तोही एका दणक्यात.

मी एकदा विचारलं, "काकू, नारळ फोडताव आन् डांगराला कशाला भिताव?"

"नारळ कुनाचा लेक न्हाई," म्हणाली. झालं! पुढं बोलायची सोय नाही.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी मदतीला येऊ का म्हणालं, तापात कुणी भाकर करून देऊ का म्हणालं, की लगेच, "माझं कुनावाचून अडत न्हाई." इतक्या तोऱ्यात म्हणायची की विचारणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. आणि तीच बाई घटकाभरानं रस्त्यावर उभी राहून अनोळखी माणसाला हाक मारायची, "अहो पावनं, जरा आत या. लय अडलंय बघा. घरात डांगर फोडायला मानूस न्हाई." मी भिंतीअलीकडं पदर तोंडात धरून हसायची.

दसरा झाला, ज्वारी पेरून झाली, की काकूच्या गोठ्याच्या छपरावर डांगर पिकून लाल व्हायचे. एक वेल, पण गावाला पुरायचा. मग तिच्या चुलीवर रोज घाऱ्या. डांगर किसायचा, गूळ घालून शिजवायचा, आणि त्यात मावंल तेवढीच कणीक. पाण्याचा थेंब नाही. वर खसखस दाबायची आणि करडईच्या तेलात तळायच्या. सवयीनं माझा ओला हात कणकेला लागला, तर तिनं हातावर चापटच मारली. "ए पाथरीवाली, घाऱ्या करायलीस का तळं भरायलीस?" अशा घाऱ्या मी पुन्हा खाल्ल्या नाहीत. कृती तीच, डांगर तिच्याच बियांचा, पण माझ्या होतात कडक. नातवंडं म्हणतात, आजी, बिस्किटं छान झाली.

फोडणाऱ्या माणसालाही ती मान द्यायची अशातला भाग नाही. शाळेचे हेडमास्तर मोठ्या हौसेनं एकदा डांगर फोडून, हात झटकून म्हणाले, "केवळाबाई, पुढल्या वेळीही मलाच बोलवा." काकू म्हणाली, "बोलवीन की. पर तुमी बदलीवर हाव, मास्तर. कायमची जागा दिगूची हाय." दिगू म्हणजे दिगंबर. मास्तर घारी न खाताच गेले.

आणखी एक खोड. गल्लीतला माणूस समोरून गेला तरी तिला दिसायचा नाही. तिला लागायचा परगावचा. बियाण्यांचा एजंट, ढोरांचा डॉक्टर, बोअर मारायला आलेली माणसं, भांड्याला कल्हई लावणारा, कुणीही. आधी ओसरीवर बसवायची, पाणी द्यायची आणि विचारायची, "कुनीकडचे? आता कुनीकडं चाललाव?" औरंगाबाद म्हणाला की त्याचं नशीब उघडलं. त्याला सगळ्यात मोठा डांगर, जाताना फडक्यात बांधून घाऱ्या, आणि बोलता बोलता दिगूच्या कंपनीचं नावही. आमचे हे, काकूच्या तोंडी माधव, दिगंबरचे लहानपणापासूनचे दोस्त, रोज दोनदा तिच्या दारावरून शेतात जाणार, पण बाहेरचं कुणीच मिळालं नाही तर यांना हाक. हे चिडायचे. "मी काय मेलोय का? माझ्या हाताला काय कीड लागलीय?"

एका वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून रास्ता रोको सुरू झाले आणि बरेच दिवस आमच्या रस्त्याला एष्टी फिरकली नाही. गावोगाव माणसं जीव मुठीत धरून बसलेली, वस्तीवरच्या बाया पोरांना बाहेर सोडत नव्हत्या. आणि काकू सकाळ-संध्याकाळ दारात. "एष्टी कवा सुरू व्हायची ग?" मला रागच आला. म्हटलं, "काकू, लोकांच्या जिवावर बेतलंय आन् तुमाला डांगराची पडलीय?" ती तशीच वळली. आत निघून गेली. तिच्यासारखी बाई उत्तर न देता आत जाते म्हणजे काहीतरी आहे, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

दिगंबर कसा गेला ते मी भिंतीतून ऐकलं होतं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याचंही नवंच लग्न. कंपनीत नोकरी लागत होती आणि हा जेवता जेवता आईला विचारत होता, "आई, जाऊ का ऱ्हाऊ? तू म्हनशील तसं." थोडा वेळ नुसता परातीत भाकर थापल्याचा आवाज. मग काकू म्हणाली, "जा की. तुझ्यावाचून माझं काय अडतंय?" ताट सरकवल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको चुडाव्याला गाडीत बसली. पैसे यायचे वेळेवर. तो यायचा नाही. एखाद्या लग्नाला आला तर पाव्हण्यासारखा, उभ्या उभ्या.

रास्ता रोको झाले त्याच वर्षीच्या दिवाळीतली गोष्ट. मी काकूकडं कणीक चाळायला बसले होते. बाहेरचं कुणी सापडलं नाही म्हणून तिनं यांना बोलावलं होतं. हे नुकतेच नांदेडहून चुडाव्याला उतरून आलेले. कोयता हातात घेतला, डांगर पायात धरला आणि सहज म्हणाले, "काकू, दिगू भेटला ना ठेसनात."

गूळ चिरणारा काकूचा हात थांबला. "कुठं?"

"चुडाव्याला. सासरवाडीला नांदेडला चालला होता बायकापोरं घेऊन. दर दिवाळीला जातो म्हनं. पानी भरायला खाली उतरला, तवा गाठ पडली."

दर दिवाळीला. गाडी चुडाव्याला थांबते आणि पुढं जाते. मी यांना डोळ्यानं खुणावत होते की गप बसा, पण आमच्या ह्यांना खुणा कळल्या असत्या तर काय पाहिजे होतं!

"मी म्हटलं, आरं, आई अजून डांगर घेऊन रस्त्यावर उभी असती. तर लय हसला. म्हनला, मला तिथं चार जनांनी सांगितलंय. एष्टीवाल्यांनी सांगितलं, त्या बियाण्यांच्या एजंटानं सांगितलं. कंपनीत समदे मला इचारतेत, तुझ्या आईनं आज कुनाला धरलं?" आणि हे स्वतःही हसले.

काकू उठली. "दे इकडं," म्हणाली. यांच्या हातातून कोयता घेतला, डांगर जमिनीवर ठेवला आणि एकच घाव घातला. दोन फाका झाल्या. बिया माझ्या कणकेत उडाल्या.

हे उभेच राहिले. मी म्हटलं, "तुमी जावा घरी."

त्या दिवशीही तिनं घाऱ्या केल्या. तळता तळता माझ्याकडं न बघता बोलली. "त्याचा पाय निघावा म्हनून म्हनले हुते ग मी. ऱ्हा म्हनले असते तर ऱ्हायला असता, आन् जन्मभर ढेकळं फोडली असती. त्याला वाटलं, खरंच अडत न्हाई."

"मग निरोप धाडायचा, काकू. मी लिहून दिलं असतं."

"काय धाडू? मीच जा म्हनले, आन् मीच ये म्हनू?" झाऱ्यानं घारी उलटली. "म्हनून ह्ये एक काम अडकवून ठिवलं. समदं मी करते, एवढं करायचं न्हाई. येनारा-जानारा सांगंल त्याला, बाबा, तुझ्या आईचं अडलंय. लेकराला कळंल, वाटलं हुतं."

निरोप पोचला होता. एकदा नाही, कितीतरी वेळा पोचला होता. फक्त आमच्यासारख्यांनी तो हसत हसत नेला, आणि दिगंबरही हसला. मला आजही त्याचं वाईट वाटतं. किती चांगल्या माणसांनी किती लांबून नेलेला तो निरोप, आणि एकालाही नीट सांगता आला नाही.

त्यानंतर काकूनं रस्त्यावर कुणाला हाक मारली नाही. कंडक्टर उतरला की सवयीनं तिच्या दाराकडं बघायचा, मग चहाला जायचा. हे शेतातून येताना तिच्या दारापाशी मुद्दाम खोकायचे. आतून फक्त कोयत्याचा आवाज यायचा.

मी यांच्या मागं लागून लागून त्यांना औरंगाबादला पाठवलं. म्हटलं, हसायचं नाही, सरळ सांगायचं. यांनी सांगितलं असावं, कारण पुढच्या दिवाळीत दिगंबर आला. बायको, दोन लेकरं, हातात मिठाईचा पुडा. काकूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकरांचे मुके घेतले. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. मी मुद्दाम दारातच उभी होते.

दिगंबर हातपाय धुऊन आला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "आई, कोयता दे. डांगर कुठाय? मी फोडतो."

काकू चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही.

"फोडला की रं सकाळीच. तुझ्यावाचून अडून बसू व्हय?"

दिगंबर हसला. बायकोकडं वळून म्हणाला, "बघ, मी काय म्हनलो हुतो?" मग बाह्या खाली केल्या. पोटभर घाऱ्या खाल्ल्या, फार छान झाल्या म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सासरवाडीला गेला.

एष्टी गेल्यावर मी काकूकडं गेले. मला राग आवरत नव्हता. "काकू, एक तरी डांगर ठेवायचा होता हो त्याच्यासाठी!"

"ठिवला हुता की," ती म्हणाली. "कनगीमागं हाय. दसऱ्यालाच उतरून ठिवलाय."

मी वाकून बघितलं. ज्वारीच्या कणगीमागं, पोत्यावर, अख्खा डांगर होता. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा. पुसून लख्ख केलेला, देठाला हळदकुंकू.

"मग त्यो मागत हुता तवा काढला का न्हाई?"

"काढनारच हुते ग." ती खाली बसली. "तोंडातनं आधी तेच निघालं. इतकी वर्सं तेच म्हनले, आता जिभंला दुसरं येतच न्हाई."

मी तिच्याजवळ बसले. बाहेर कापसाची बैलगाडी गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत काकू दाराकडं बघत होती. मग पदरानं तिनं तोंड पुसलं.

"जा, माधवाला हाक मार," म्हणाली. "कोयता घेऊन ये म्हनाव. उगं नासून जाईल."