गजभियेबाबूंची मनी

गजभियेबाबूंकडे गेलं की आधी पाणी प्यावं लागायचं. तुम्ही पायरी चढलात की ते पितळेचा गिलास काठोकाठ भरून हातात द्यायचे आणि समोर उकिडवे बसून तुमच्या गळ्याकडे बघत राहायचे. गिलास नुसता ओठाला लावून भागायचं नाही, घोट खाली उतरताना त्यांना दिसायला हवा. तहान नाही म्हटलं तर चेहरा उतरायचा. "तहान नाही मंजे? घोटभर त घ्या ना भाऊ." मग घोटभर घ्यावंच लागे. गिलास रिकामा झाला की मान डोलवून म्हणायचे, "पेले. आता बोला, काय काम काढलं?"

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. धुराड्यांपेक्षा क्रेनच जास्त दिसायच्या आणि दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत मुरमाच्या रंगाचा व्हायचा. आम्ही दोघे टाइम ऑफिसात कारकून, क्वार्टरही भिंतीला भिंत लागून. मी नवा आणि सडाफटिंग. ते चाळिशीतले, वर्ध्याकडचे, तेही सडेच. पण त्यांच्या घरी मनी होती.

होती आपलं म्हणायचं. मनी हा चांगला दांडगा पिवळा बोका होता. "बाबू, नाव तरी बदला त्याचं," असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "नाव तेच राह्यते भाऊ, मांजर बदलते." याच्या आधीच्या मांजरीचं नाव मनी, तिच्या आधीचीही मनीच. या माणसाच्या डोक्यात मांजरासाठी एकच नाव शिल्लक आहे, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो होतो. हसायला दुसरं काही नसायचंच तिथे.

कामावर निघण्याआधी मनी पाणी पिते की नाही, हे बघितल्याशिवाय बाबू घर सोडत नसत. आणि बोके कुणाच्या ड्यूटीच्या वेळा पाळत नाहीत. भोंगा होऊन जायचा, हे आपले वाटीसमोर बसलेले. दुसऱ्यांच्या नावापुढे लेट मार्क लावणारा हा माणूस स्वतः रोज धापा टाकत यायचा आणि साहेबांची बोलणी मुकाट खायचा.

शिवाय दरवर्षी मनीला टोचून आणायचं. देवी टोचणारा आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत आला की माणसं मागच्या दारानं पळायची ते दिवस, आणि हा गृहस्थ मांजर पिसाळू नये म्हणून रजा काढायचा! लस रायपूरहून बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायची आणि ती टोचायला मांजर दुर्गच्या गुरांच्या दवाखान्यात न्यायचं. जवळच्या कोहका गावचा दूधवाला राऊत कपाळाला हात लावून त्याच्या छत्तीसगढीत विचारायचा, "बिलई ला घलो सूजी लगथे का बाबू?" मांजरालाही सुई टोचतात का, म्हणून.

एका वर्षी मीही सोबत गेलो. दवाखान्यात बैलांची रांग, आणि रांगेत आम्ही, सायकलच्या कॅरिअरवरून आणलेली गुरगुरणारी पिशवी छातीशी धरून. एक बैल आमच्याकडे फार वाईट नजरेनं बघत होता. डॉक्टरांनी विचारलं, "नाम?" बाबू म्हणाले, "मनी." "मादा?" "नर." डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सुई टोचली तेव्हा मनीनं बाबूंचं मनगट ओरबाडून काढलं. ते मात्र लग्न उरकल्यासारखे समाधानानं परतले.

त्याच उन्हाळ्यात आमच्या लाइनीत पिसाळलेला कुत्रा शिरला. लोकांनी लाठ्या घेऊन त्याला नळाजवळ मारला, पण त्याआधी तो बाबूंच्या ओट्यावर मनीशी भिडला होता. मनीचा कान फाटला. लगेच सगळी लाइन दारात जमली. पुढे तिवारी फोरमन, हातात तीच लाठी.

"बाबू, बिल्ली को बाहर निकालो. बाल-बच्चों की लाइन है."

"सुई लगी है उसको. हर साल लगती है."

"सुई-वुई हम नहीं जानते."

फोरमन समोर आला की आवाज खाली जाणारे आमचे बाबू, दोन्ही हातांनी चौकट धरून उभे राहिले. "मी पण आत राह्यतो," ते आधी मराठीत म्हणाले, मग सावरून, "मैं भी अंदर रहूँगा. बाहर से कडी लगा दो. पागल होगी, तो पहले मेरे को काटेगी."

आणि तिवारींनी खरोखरच बाहेरून कडी घातली.

मी सायकल हाणत दुर्गला गेलो आणि डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी मनीला आणखी एक सुई दिली. दरवर्षीची लस आहे म्हणजे बहुतेक वाचेल, पण कोंडून ठेवा आणि खातो-पितो का ते बघा, असं सांगून ते गेले. कडी पुन्हा लागली. त्यानंतर लाइनीतलं कुणी त्या ओट्याकडे फिरकेना. राऊत दूध माझ्याकडे ठेवून जायचा. मी खिडकीच्या गजांतून दूध आणि भाजीभात आत द्यायचो आणि आतून रोज एकच शब्द यायचा, "पेली." तो ऐकून मी कामावर जायचो.

एका सकाळी दूध घेऊन गेलो तर तो शब्द आला नाही. "कालपासून पाण्याले तोंड नाही लावलं तिनं," एवढंच कानावर आलं.

मला भीती वाटली. फार भीती वाटली. तरी कडी काढून आत गेलो. मनी खाटेखाली पडलेली, पुढे पाण्याची भरलेली वाटी आणि वाटीसमोर बाबू उकिडवे. दाढी वाढलेली. माझ्याकडे न बघताच ते बोलायला लागले.

"माही लहान बहीण होती, सुशी. मनी तिचीच. ते चावली तिले. मायनं चुना भरला. मीच म्हटलं, घरची मांजर हाये, काही होत नाही. वर्ध्याले सुया भेटत होत्या भाऊ. पन कापणी चालू होती. म्हटलं, कावून दिवस मोडाचा?"

वाटी त्यांनी बोटभर पुढे सरकवली.

"मंग तिले पाणी पाजाले गेलो. तहान त लागे तिले. पाणी मांगे, अन् गिलास पाह्यला का किंचाळे."

मला त्यांच्याकडे बघवेना.

"मले म्हने, दादा, मनीले मारू नका, तिले काय समजते. लोकायनं त कवाचीच मारून टाकली होती. मी सांगतलं, नाही मारली वं, कोठ्यात हाये, दूध पिऊन राहिली. तवा कुठं ते चूप झाली. मंग गेली." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मंग मनी त पायजेच ना भाऊ घरात. नाही त मी खोटा पडतो."

एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला हे सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

बऱ्याच वेळानं मनी उठली. वाटीशी आली, वास घेतला आणि वाटीकडे पाठ करून ऐटीत कोपऱ्याकडे चालू लागली. तिथे माठाखाली परात होती, पाझरलेल्या पाण्यानं भरलेली. मनीनं मान वाकवली आणि चपचप आवाज येऊ लागला. तो थांबेपर्यंत बाबूंनी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही.

"पेली," ते म्हणाले, पण आवाज फुटला नाही, ओठच हलले.

मग ते भिंत धरून उठले, पितळेचा गिलास काठोकाठ भरून माझ्या हातात दिला आणि समोर बसले. मी मान वर केली, गळा त्यांना नीट दिसेल अशी, आणि ते सगळं पाणी सावकाश प्यालो.