साहेब येणार म्हणून

वादळाने घड्याळजींच्या बैठकीवरचे पत्रे उडवून नेले, त्याला आठवडा झाला होता. पत्र्यांबरोबर घड्याळजींचा माणुसकीवरचा विश्वासही उडाला होता. कारण वादळामागोमाग गावात भामट्यांचा सुळसुळाट झाला होता. ‘विम्याचे पैसे मिळवून देतो’ म्हणत एकाने शेजारच्या शिंप्याला चांगलाच गंडा घातला होता. घड्याळजींची सगळी भिस्त त्याच विम्यावर. तो मिळाला नाही तर म्हातारपणी तारे मोजत झोपायची पाळी होती.

त्यामुळे विमा कंपनीचा माणूस नुकसान पाहायला आला, तेव्हा त्यांनी त्याला फाटकातच अडवलं.

"ओळखपत्र?"

त्याने दाखवलं. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून ते उलटसुलट तपासलं.

"आगाऊ पैसे मागणार?"

"नाही हो."

"कोऱ्या कागदावर सही?"

"छे छे!"

"नाहीच म्हणणार. चोर कधी हो म्हणतो का?"

असं म्हणून घड्याळजींनी कंपनीच्या कचेरीत फोन लावला. तिकडे कुणी उचलेना. इकडे पाऊस सुरू झाला. तो माणूस छत्री उघडून उभा, घड्याळजी फोन कानाला लावून उभे. कचेरीतून ‘साहेब आमचेच आहेत’ असं उत्तर येईपर्यंत तास गेला.

"या साहेब, या! काय दैना झालीय ती डोळ्यांनीच बघा," म्हणत घड्याळजींनी दार उघडलं आणि त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं.

बैठक आरशासारखी लखलखत होती. भिजक्या गादीच्या जागी मागच्या दाराने शेजारणीचा सोफा आला होता. पोपडे सुटलेल्या भिंतीवर नवा पडदा होता. छताच्या भगदाडाखाली प्लॅस्टिक ताणून त्याखाली ठेवणीतली भरतकामाची चादर चारी बाजूंनी ठोकली होती. आणि मधोमध बायको चहाचा ट्रे घेऊन हसतमुखाने उभी होती.

"अगं, काय केलंस हे?" घड्याळजी कुजबुजले.

"मग? साहेब येणार आणि उकिरडा दाखवू? तुम्ही त्यांना तासभर बाहेर थांबवलंत म्हणून तरी जमलं बाई!"

साहेबांनी चहा घेता घेता चहूकडे नजर फिरवली. "घर छान ठेवलंय. पण नुकसान कुठंय?"

"अहो, डोक्यावर छतच नाही! ती चादर आहे, चादर!"

"हो, हौसेने सजवलंय खरं." साहेबांनी कप खाली ठेवला आणि कागद पिशवीत घातले. "काका, वादळानंतर भामटे फार झालेत. धडधाकट घराचे पैसे मागतात. तुमच्या वयाला हे शोभत नाही."

भामटा! घड्याळजींच्या अगदी जिव्हारी लागलं. आयुष्यात त्यांनी कुणाच्या घड्याळाचा साधा स्क्रूसुद्धा ठेवून घेतला नव्हता. त्यांनी साहेबांचीच छत्री उचलली आणि तिचं टोक चादरीत खुपसलं.

मघापासूनचा पाऊस वर प्लॅस्टिकमध्ये साठला होता. तो चादरीसकट धो धो करत थेट साहेबांच्या डोक्यावर आला. वरती मोकळं आभाळ दिसू लागलं.

मग साहेबांनी अंगावरची चादर बाजूला केली, वर पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढून पुसला.

"नुकसान आहे," ते म्हणाले. "कुणी कशाला हात लावू नका. फोटो काढतो."

घड्याळजींच्या जिवात जीव आला. आता पत्रे येणार होते.

"थांबा हं, साहेब!" बायको आतून झाडू आणि फडकं घेऊन धावत आली. "असल्या पसाऱ्याचा फोटो? लोक काय म्हणतील! दोन मिनिटं द्या, पटकन आवरते!"