मार्सलीच्या हॉटेलात जाताना

"वाटेत कुठेही थांबायचं नाही," ऊना गाडीत बसता बसता म्हणाली. "कोणी हात केला तर आपणही हात करायचा. काच खाली करायची नाही."

टॉर्किलने बायकोकडे बघून मान हलवली. त्याने दुपारचं जेवण टाळलं होतं आणि सकाळीही नुसत्या कॉफीवर भागवलं होतं. ग्लासगोच्या एका मोठ्या हॉटेलचा भटारखाना त्याने जन्मभर सांभाळला होता, आणि दुसऱ्याच्या हातचं नीट पारखायचं तर पोट रिकामं हवं, असं त्याचं ठाम मत होतं. त्यातून आजचं जेवण मार्सलीच्या हातचं. मार्सली त्याची भाची. बहीण गेल्यावर ही पोर त्याच्याच घरी वाढली, त्याच्याच हाताखाली कांदा चिरायला शिकली, आणि एक दिवस सगळं सोडून स्कॉटलंडच्या सोर्वा बेटाच्या पार उत्तरेच्या टोकाला, मासळीच्या जुन्या गोदामात हॉटेल काढून बसली. "मामा, ये ना एकदा," असं तिचं तीन उन्हाळे चाललं होतं, आणि दर उन्हाळ्यात मामाला काही ना काही आडवं येत होतं.

यंदा मात्र फोनवर तिचा आवाजच निराळा लागला. टेबलं भरतात, लोक येतात, गोड बोलून जातात, पण कुठेतरी काहीतरी चुकतंय, म्हणाली. एडिनबरोच्या एका हॉटेलातून नोकरीसाठी विचारणा आलीय आणि त्यांना लवकर उत्तर हवंय. "तू येऊन जेव, मामा, आणि तोंडावर सांग माझ्या हाताला चव आहे की नाही. तू म्हणशील ते मी करीन." हे ऐकल्यावर मात्र टॉर्किलने निमूटपणे बोटीची तिकिटं काढली.

आता सोर्व्यावर रस्ता एकच. धक्क्यावरून निघतो आणि उत्तरेला समुद्र लागला की संपतो. एक गाडी जेमतेम मावेल एवढा रुंद, आणि झाडून सगळ्या घरांच्या खिडक्या त्याच्याकडे तोंड करून. इथे कोणाची गाडी कोणाच्या दारावरून पुढे गेली हे लपत नाही, आणि न थांबता गेली हे तर मुळीच विसरलं जात नाही. टॉर्किल याच बेटावर जन्मलेला, त्याला हे पक्कं ठाऊक होतं. ऊना ग्लासगोची. तिला वाटायचं, नाही म्हटलं की नाही होतं.

पेगीआत्या रस्त्यात उभी होती. कडेला नव्हे, मधोमध. हात वगैरे तिने केलाच नाही, नुसती उभी राहिली. सत्तरी कधीच ओलांडलेली म्हातारी, तिच्या अंगावर गाडी घालणार कशी? टॉर्किलने ब्रेक दाबला आणि ऊनाने डोळे मिटले.

"आत्या, आम्ही जेवायला चाललोय गं. मार्सलीकडे."

"मग मी काय जेवायला बोलावतेय? घोटभर चहा घे आणि जा. तीन वर्षांनी तोंड दाखवतोयस, तेही काचेतून दाखवणार का?"

घोटभर चहा म्हणजे आमच्याकडे काय असतं हे टॉर्किलला माहीत होतं, तरी तो आत गेला. टेबलावर स्कोनचे जाडजूड गोडसर पाव होते, ताजं मऊ चीज होतं, ओटच्या खुसखुशीत भाकऱ्या होत्या, उकडलेली अंडी होती, धुरावलेला बांगडा होता आणि फडक्यात बांधून सकाळपासून उकडत ठेवलेला मनुकांचा डंपलिंग होता. चहाही होता. टॉर्किलने अर्धा स्कोन तोडला तेव्हा आत्याने विचारलं, एडिनबरोत दात काढून घेतलेस की काय. तिला ग्लासगो आणि एडिनबरो एकच वाटतं. मग त्याने अख्खा खाल्ला, मग बांगडा खाल्ला, आणि डंपलिंगला नको म्हटल्यावर आत्या खिडकीबाहेर बघत बसली. म्हणून तोही खाल्ला. ऊना टेबलाखालून त्याच्या पायावर पाय देत होती, पण तिच्याही बशीत काही उरलेलं नव्हतं.

"आता गाडी थांबवलीस तर मी उतरून चालत जाईन," ती बाहेर आल्यावर म्हणाली.

पुढच्या वळणावर लॅकीकाकाचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा लावलेला होता. लॅकीकाका म्हणजे टॉर्किलच्या वडिलांच्या होडीवरचा जोडीदार. टॉर्किलने या वेळी शहाणपणा केला. काच खाली करून आधीच सांगून टाकलं की काका, पोटात जागा नाही, आत्ताच पेगीआत्याकडे भरपेट खाल्लं. याहून वाईट काही सांगायचं त्याला सुचलंच नसतं.

"अस्सं," लॅकीकाका म्हणाला. "पेगीकडे खाल्लंस. बरं केलंस. मी आपला ट्रॅक्टर बाजूला घेतो हं. तू जा."

आणि तो पाठ फिरवून चालायला लागला. त्या पाठीकडे बघून टॉर्किल स्वतःच गाडीतून उतरला आणि त्याच्या मागे मागे घरात गेला. आत खेकडे शिजून तयार होते. खेकडा पचावा म्हणून व्हिस्की आली, आणि नुसती व्हिस्की पोटाला बरी नव्हे म्हणून आणखी खेकडा आला. लॅकीकाकाने त्याच्या वडिलांची आठवण काढली, डोळे पुसले आणि पुन्हा पेला भरला. अशा वेळी माणूस नाही म्हणत नाही. म्हणालाच तर आमच्याकडे ते त्याच्या नातवंडांनाही ऐकून घ्यावं लागतं.

व्हिस्कीमुळे आता गाडी ऊनाच्या हाती आली. ती दात ओठ खाऊन चालवत होती आणि खरोखरच कोणासाठी थांबली नसती, पण शोनाकच्या मेंढ्या रस्त्यावर बसल्या होत्या. संध्याकाळी डांबर ऊबदार असतं, त्या तिथे रोजच बसतात. त्यांना उठवायला शोनाक सावकाश आली. मेंढ्या राहिल्या बाजूला, तिने आधी खिडकीत डोकं घातलं. ऊनाने तेवढ्यात जमेल तसं खोटं बोलून पाहिलं. म्हणाली, यांचं पोट बिघडलंय हो, चहाचा थेंबसुद्धा चालणार नाही.

आता शोनाक चाळीस वर्षं या बेटाची नर्स होती हे ऊनाला कोण सांगणार? शोनाकने टॉर्किलला दंडाला धरून उतरवलं, घरात नेऊन कोचावर आडवं केलं, जीभ बघितली आणि मटणाच्या रश्श्याचा भलामोठा वाडगा आणला. त्यात बार्ली, गाजर, आणि चमचा उभा राहील एवढं मटण. पहिला वाडगा औषध म्हणून आणि दुसरा अंगात ताकद यावी म्हणून. तो संपेपर्यंत ती उशाशी बसून राहिली. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यालाही खायला लागतं, असं म्हणून ऊनालाही एक वाडगा मिळाला.

ते हॉटेलात पोचले तेव्हा मार्सली दारातच उभी होती. उशीर झाल्याबद्दल ती काही बोलली नाही. तिने मामाला मिठी मारली, खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं आणि लगबगीने आत गेली. बाकीची टेबलं भरलेली होती. टॉर्किलने पट्टा दोन भोकं सैल केला आणि मनाशी म्हणाला, आजच्या दिवस, देवा, फक्त आजच्या दिवस.

पहिल्यांदा शिंपले आले. मोठ्या पांढऱ्या प्लेटमध्ये तीन, बाजूला काळ्या पुडिंगचा, म्हणजे रक्ताच्या सॉसेजचा, चुरा आणि थोडासा सफरचंदाचा रस. टॉर्किलने एक तोंडात घातला आणि तो चावायचा थांबला. हे त्याने शिकवलेलं नव्हतं. हे त्याच्या पलीकडचं होतं, आणि पोरीचा त्याला इतका अभिमान वाटला की घशाशी आवंढा आला. दुर्दैवाने घशाशी बरंच काही आलेलं होतं. तीन शिंपले त्याने कसेबसे संपवले. धुरावलेल्या हॅडॉक माशाचं सूप अर्धं झालं. मग बेटावरच्याच कोकराचं मटण आलं, मऊ, वर सुरेख तांबूस कड आलेलं. दोन घास घेतल्यावर त्याच्या कपाळाला घाम फुटला. त्याने काटा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. ऊनाने तर मटणाचे तुकडे बटाट्याखाली लपवायला सुरुवात केली होती.

मार्सली प्लेटा उचलायला स्वतः आली. तिने दोन्ही प्लेटांकडे बघितलं.

"मार्सली, अगं, अप्रतिम आहे. खरंच सांगतो."

"मामा," ती हळूच म्हणाली, "गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघू नकोस, परत आलेल्या प्लेटकडे बघ, हे मला कोणी शिकवलं?"

त्यावर टॉर्किल काही बोलायच्या आत ती भटारखान्यात गेली. सांगायचं तरी काय, की तुझ्या जेवणाआधी मी तीन घरी जेवून आलो? जिने तीन वर्षं वाट बघितली तिला? नंतर गोड खायला आलं, तेही तसंच राहिलं.

एकेक करून लोक उठले. शेजारच्या टेबलावर एक जर्मन जोडपं होतं, सायकलवर बेट बघायला आलेलं. त्यांच्याही प्लेटा अर्ध्याच होत्या. जाता जाता नवरा टॉर्किलजवळ थांबला. हा हॉटेलवालीचा मामा आहे हे त्याला कळलं असावं. तो ओशाळून म्हणाला, "तिला सांगाल का, जेवण फार छान होतं. आमचीच चूक झाली. वाटेत एका आजीबाईंनी चहाला बोलावलं, आम्हाला वाटलं चहाच असेल." मग त्याने दोन्ही हातांनी डंपलिंगचा आकार करून दाखवला.

टॉर्किल त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने सगळ्या टेबलांकडे बघितलं. प्रत्येक प्लेटमध्ये काही ना काही उरलेलं होतं, आणि ही सगळी माणसं त्याच एका रस्त्याने आलेली होती. तो तसाच उठून आत धावला.

मार्सली फोन खाली ठेवत होती. "एडिनबरोला हो म्हटलं," ती म्हणाली. "तू काही बोलू नकोस, मामा. आलास तेवढं पुष्कळ झालं."

त्याने एका दमात सगळं सांगितलं. पेगीआत्या, लॅकीकाका, शोनाकच्या मेंढ्या, जर्मन माणूस. मार्सली बटाट्याच्या पेटीवर बसली.

"म्हणजे तीन वर्षं..." ती म्हणाली. "मी मीठ बदललं, लोणी बदललं, मासे आणणारा माणूस बदलला. रात्र रात्र जागून विचार केला, मामा."

"तुझ्या हाताला माझ्यापेक्षा चव आहे, पोरी. आत्ताच्या आत्ता फोन कर आणि नाही म्हणून सांग."

ती हसली आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. "स्वयंपाक वाईट असता तर सुधारला असता रे. पेगीआजीला कशी सुधारू?"

"ते माझ्यावर सोड," टॉर्किल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, चर्चमधली रविवारची प्रार्थना आटोपल्यावर, तो एकटाच आत्याकडे गेला. तिच्याकडे बोलायचं तर बसावं लागतं, आणि बसलं की खावं लागतं, म्हणून दुसऱ्या स्कोनपर्यंत तो विषयाला आलाच नाही. मग मात्र त्याने मन घट्ट केलं आणि म्हणाला, आत्या, मार्सलीकडे जेवायला जाणाऱ्या लोकांना तुम्ही सगळे वाटेत का अडवता?

आत्याचा चेहरा उजळला. याची कोणीतरी दखल घ्यावी म्हणून जणू ती वाटच बघत होती.

"तुला कळलं होय? अरे, तिच्या हॉटेलात एवढ्या मोठ्या प्लेटमध्ये तीनच शिंपले देतात म्हणे. तीन! माणसं उपाशी परत जाणार, जाऊन पोरीच्या नावाने बोटं मोडणार. तिला आई नाही, तिच्या मागे कोण उभं राहणार? म्हणून मी, लॅकी आणि शोनाक, आम्ही तिघांनी ठरवलं. तीन वर्षांत एक माणूस तिच्या दारात रिकाम्या पोटी पोचू दिला नाही बघ. तिच्याबद्दल वावगा शब्द ऐकलास कुठे?"

टॉर्किलने ऐकला नव्हता. बोलायचं म्हणून जे काही तो ठरवून आला होता ते त्याच्या तोंडातच राहिलं. आत्याने त्याच्या बशीत आणखी एक स्कोन वाढला आणि त्याने तो खाल्ला. ऊनाने नंतर विचारलं तेव्हा त्याने एवढंच सांगितलं की जमलं नाही.

सोमवारच्या बोटीने तिघंही निघाले. हंगाम तसाही संपतच आला होता. मार्सलीने गोदामाला कुलूप लावलं होतं आणि मामाकडून सगळी हकिकत ऐकून घेतली होती. धक्क्यावर बेटावरची बरीच माणसं जमली होती, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. लॅकीकाका कोणाशीच बोलत नव्हता. शोनाकने मार्सलीच्या गळ्यातला मफलर नीट केला आणि तोंड फिरवलं. पेगीआत्याने पोरीचे दोन्ही हात धरून ठेवले होते.

"आम्ही आमच्या परीने सगळं केलं गं," ती म्हणाली. "तरी का चाललं नाही तुझं?"

टॉर्किलने तोंड उघडलं. मार्सलीने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"माझ्याच हाताला चव नव्हती, आजी," ती म्हणाली.

आत्याने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, असू दे गं, शिकशील हळूहळू, असं म्हणाली. मग तिच्या खांद्यावरून तिने टॉर्किलकडे रोखून बघितलं.

"तू एवढा मोठा आचारी," ती म्हणाली. "पोरीला नीट शिकवायचं तरी होतंस."