पांडेलिसच्या पोटरीतला गोळा

"शेवटचा सामना आहे! या सामन्यात पांडेलिस कुर्तेसिस एकसुद्धा चूक करणार नाही!"

पिरेअसच्या धक्क्यावर, बोटीत पाय ठेवण्यापूर्वी पांडेलिसने छाती फुगवून जाहीर केलं. ऐकायला एकटी त्याची बायको होती, एव्दोकिया.

"आजवर चूक न करून काय मिळालं?" ती म्हणाली. "गाडीच्या काचा फुटल्या, तुझा पुढचा दात गेला, आणि माझा सख्खा भाऊ लोकांना सांगतो, हा माणूस आमच्या ओळखीचा नाही!"

खोटं नव्हतं. वीसेक वर्षं पांडेलिस ग्रीसच्या फुटबॉलमध्ये दुसऱ्या श्रेणीत पंच होता. यजमान संघासाठी अधूनमधून आंधळं व्हावं लागतं, हे शहाणपण त्याला कधी सुचलं नाही, म्हणून वरच्या श्रेणीत त्याला कुणी घेतलं नाही. दर रविवारी हजारो माणसं त्याच्या आईचा उद्धार करायची. बिचारी कधीच देवाघरी गेली होती, पण तिची एवढी आठवण तिच्या पोटच्या पोरांनीसुद्धा काढली नसेल!

आता पंचाचं वय संपलं होतं. निरोपाचा सामना मिळाला तोही एका आडबाजूच्या बेटावर. बेटाच्या संघाला जिंकायलाच हवं होतं. पाहुण्या संघाला बरोबरी पुरत होती. ज्याचं हुकेल तो खालच्या श्रेणीत. आणि परतीची बोट एकच, संध्याकाळची. म्हणजे पंच आणि पाहुणे, एकाच बोटीत!

सामना सुरू झाला. मे महिन्यातलं ऊन डोक्यावर तव्यासारखं तापलेलं. गोल होता होईना. प्रेक्षकांचा पारा चढत गेला.

"अरे आंधळ्या, शिट्टी वाजव! का तीसुद्धा विकून खाल्लीस?"

पहिल्या रांगेतली काळ्या कपड्यांतली एक आजीबाई तर उभी राहून शाप देत होती, "मेल्या, तुझी ऑलिव्हची झाडं वठोत!"

पांडेलिसकडे एकही झाड नव्हतं. तो पळत राहिला. अगदी शेवटाला चेंडू पाहुण्यांच्या गोलसमोर गेला, मागोमाग पांडेलिस गेला, आणि त्याच्या डाव्या पोटरीत असा गोळा आला, की जणू आत कुणी ओलं फडकं पिळतंय!

'आई गं!' असं त्याला ओरडायचं होतं. पण दातांत शिट्टी होती. 'आई गं'ऐवजी बाहेर पडलं, फुर्रर्र! एका हाताने त्याने पोटरी धरली आणि तोल सावरायला दुसरा हात पुढे केला. तो हात नेमका पेनल्टीच्या पांढऱ्या ठिपक्याकडे!

अख्खं बेट उसळलं.

पाहुण्यांचा गोलकीपर झाफिरिस धावत आला. "पेनल्टी? कशाची पेनल्टी? कुणी काय केलं?"

"थांब... जरा थांब..." पांडेलिस कळवळत म्हणाला. एका वाक्याचं काम होतं: शिट्टी चुकून वाजली, खेळ पुढे चालू. दुसऱ्या श्रेणीत पुन्हा पाहायला कॅमेरेही नसतात. पंच म्हणेल ते खरं. त्याने वाक्य जुळवलं, तोंड उघडलं, आणि त्याच्या कानावर पडलं:

"कुर-ते-सिस! कुर-ते-सिस!"

हजारो तोंडांतून त्याचं नाव! तेही आईला मध्ये न आणता! छे, तीही आली. आजीबाई मुके उडवत ओरडत होती, "लेकरा, तुझ्या आईची कूस धन्य झाली!"

पांडेलिसने उघडलेलं तोंड मिटलं.

"पेनल्टी," तो हळूच म्हणाला.

गोल झाला. सामना संपला. क्लबच्या अध्यक्षाने त्याला मिठी मारली. "पंच असावा तर असा!" सकाळी याच माणसाने हॉटेलात सांगून त्याच्या खोलीचं गरम पाणी बंद करवलं होतं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. "अरे नको, उतरवा!" म्हणेपर्यंत त्याच्या मांडीवर घमेल्याएवढं चीज आणि मधाची बरणी आली, आणि वरात निघाली ती थेट धक्क्यावर. बोटीच्या कठड्याला पाहुण्यांचा संघ टेकून उभा होता. खांद्यावर पंच, पंचाच्या मांडीवर चीज! लाचेचा याहून चांगला पुरावा कुठल्या कोर्टाला लागतो?

बोट सुटली तसा पांडेलिस मागच्या टोकाला एका बाकावर जाऊन बसला. थोड्या वेळाने झाफिरिस समोर उभा. पांडेलिसने चीज ढालीसारखं छातीशी धरलं.

"मारायला नाही आलो, साहेब," झाफिरिस म्हणाला. "फाऊल कुणाचा होता, तेवढं सांगा. खाली कोच एकेकाला पिळून काढतोय. आमच्या बचावातल्या अर्गिरिसने कबूल केलंय."

"काय कबूल केलंय?"

"म्हणतो, माझं बोट त्यांच्या खेळाडूच्या शर्टाला लागलं असेल बहुतेक. कोच म्हणाला, उद्यापासून तोंड दाखवू नकोस. आणि त्याची बायको पोटुशी आहे, हो."

पांडेलिसने चीज बाजूला ठेवलं. "अर्गिरिसने काही केलं नाही. कुणीच नाही. माझ्या पोटरीत गोळा आला, शिट्टी चुकून वाजली. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही."

झाफिरिसचे डोळे भरले आणि त्याने पांडेलिसचे दोन्ही हात धरले. "देव तुमचं भलं करो! एका पोराला वाचवायला स्वतःच्या अंगावर घेताय!"

"अरे बाबा, खरं सांगतोय!"

"असू द्या, असू द्या. इतकी वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या. माणूस ओळखायला चुकलो."

पांडेलिस उठला आणि लंगडत जिना उतरला. खाली सगळा संघ मान खाली घालून बसला होता. अर्गिरिस एका कोपऱ्यात, डोळे सुजलेले.

"ऐका!" पांडेलिस ओरडला. "फाऊल झालाच नव्हता! चूक माझी आहे!"

"चीज आवडलं वाटतं," कोच म्हणाला.

कोपऱ्यातून अर्गिरिस उभा राहिला. "राहू द्या, साहेब. माझ्यासाठी खोटं बोलू नका. शर्टाला लागलं ते बोट माझंच. मला आता स्पष्ट आठवतंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वीस वर्षांत पांडेलिसचा एकही निर्णय कुणी इतका बिनतक्रार मान्य केला नव्हता.