शुद्ध पाण्याचे बारा रकाने

एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्यापेक्षा मोठी एक समिती होती. तळ्यात बेडूक राहत, समितीत अस्वल. मुलांनो, नीट मांडी घालून बसा. गोष्ट छोटी आहे. मरणारेही छोटेच आहेत.

राजाच्या रस्त्यावर तण माजलं. सिंहमहाराजांच्या आयाळीला कुसळं चिकटू लागली. तेव्हा कोल्हा म्हणाला, "माझ्याकडे औषध आहे." विषाला औषध म्हणायची पद्धत त्या जंगलातही होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना फवारणी झाली. तीन दिवसांत गवत पिवळं पडलं, महाराज खूश झाले आणि औषध उतारानं तळ्यात गेलं.

तळ्यातल्या धोंडूअण्णा बेडकाची पिल्लं रोज पाच-दहा उलटी होऊन तरंगू लागली. वरच्या झऱ्याचं पाणी चांगलं होतं. पण शेपटीवाली पिल्लं पाठीवर घेऊन दगडगोट्यांतून चढायचं, म्हणजे निम्मी वाटेतच जाणार. जावं की राहावं, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

पाणी तपासायचं काम गोदाक्का चिचुंद्रीकडे होतं. तिनं काठाला नाक लावलं आणि दरबारात जाऊन सांगितलं, "कोल्ह्याचं औषध आहे."

दरबार खो खो हसला. चिचुंद्रीनं दुसऱ्याच्या वासाबद्दल बोलावं म्हणजे कमालच झाली. प्रधान अस्वल म्हणाले, "नाकाचा दाखला चालत नाही. यंत्र मागवा."

सात डोंगरांपलीकडून यंत्र आलं. त्यात एक बारीक नळी होती. एका टोकानं पाणी सोडायचं. पाण्यात जे जे मिसळलेलं असेल ते आपापल्या चालीनं पुढे सरकतं. कुणी धावतं, कुणी रेंगाळतं, म्हणून प्रत्येक जण वेगळा बाहेर पडतो. बाहेर पडला की त्याचे तुकडे करायचे आणि एकेका तुकड्याचं वजन घ्यायचं. चाल आणि वजन जुळलं की नाव पक्कं.

गोदाक्काला वाटलं, आपल्या नाकाला साक्षीदार मिळाला. खुळी बिचारी.

तिनं तळ्याचं पाणी घातलं, तसा कागदावर एक उंच सुळका उभा राहिला. कागद घेऊन ती धावत दरबारात गेली. कोल्ह्यानं चष्मा लावला. विष-यादी समितीचा अध्यक्ष तोच होता. विषाची इतकी माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती.

"यादीत बारा विषं आहेत," तो म्हणाला. "यातलं हे कुठलं?"

"एकही नाही. ती बारा तर महाराजांच्या आजोबांच्या काळातच बंद झाली. हे तेरावं. तुमचं."

"अहवालाच्या कागदावर तेरावा रकाना छापलेला नाही," अस्वल म्हणाले.

"मग छापा."

"छापू की. पण ताडून बघायला त्या औषधाचा शुद्ध नमुना लागेल."

"तो यांच्याचकडे आहे."

कोल्ह्यानं मान खाली घातली. "आजीनं सांगितलेली कृती आहे हो. घराबाहेर द्यायची नाही अशी शपथ आहे."

"अहो, बाटली रस्त्याकडेला पडलीय."

"वापरलेली बाटली शुद्ध कशी?" अस्वलांनी विचारलं आणि सगळ्या दरबारानं माना डोलावल्या.

गोदाक्कानं बारा रकान्यांत बारा वेळा 'आढळले नाही' लिहिलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. हात अडला तो सहीपाशी.

"सही नसेल तर यंत्र परत पाठवतो," अस्वल म्हणाले.

यंत्र गेलं तर पुन्हा नाकावर दिवस काढायचे. तिनं सही केली. बेडकाला तोंडी सांगू, असं मनाशी म्हणाली.

बाहेर धोंडूअण्णा वाट बघत होता. "अण्णा, आजच्या आज पोरं घेऊन वर जा," ती म्हणाली. "पाण्यात विष आहे."

धोंडूअण्णा चार बुकं शिकलेला होता. त्यानं दरवाजावर लावलेला कागद वाचला, दोनदा वाचला. "अक्का, तुमच्या नाकावर माझा विश्वास होता. पण आता यंत्रच सांगतंय. ही सही कुणाची?"

"माझीच."

"मग निम्मी पोरं वाटेत कशाला मारू?" तो हसला. कित्येक दिवसांनी हसला आणि कागदाची नक्कल घेऊन घरी गेला.

गोदाक्का त्याच्यामागे धावली नाही. धावून काय सांगणार होती? कागद खोटा की ती?

चौथ्या दिवशी तळ्यात एकही शेपटी हलत नव्हती. धोंडूअण्णा काठावर बसून कागदावरचे रकाने पुन्हा पुन्हा मोजत होता. दरबारानं तत्परता दाखवली आणि मेलेली पिल्लं तपासायला पाठवली. गोदाक्कानं बाराही विषं शोधली. या वेळी सहीपाशी तिचा हात अडला नाही. पिल्लं अगदी शुद्ध निघाली.

तात्पर्य, वहीत उतरवून घ्या : शास्त्रावर पूर्ण विश्वास ठेवावा, मोजमाप काटेकोर करावं आणि काय मोजायचं ते कोल्ह्यालाच विचारावं. आणि मरायचंच असेल तर यादीतल्या विषानं मरावं. नाहीतर अहवालाची उगाच पंचाईत होते.