एल मार्काच्या काठ्या

भोर संस्थानचे फौजदार आनंदराव परसात धोतर खोचून उभे होते आणि त्यांच्यासमोर खाटेवर गोल्फच्या तीन लोखंडी काठ्या मांडल्या होत्या. दिसायला तिन्ही सारख्या. खाली तेच चपटं पातं, वर तीच चकचकीत पोलादी दांडी. सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर जलाल पुण्याच्या दुकानातून हे नमुने नुकताच घेऊन आला होता. त्यांतली एक पसंत करून त्याच जातीचा पुरा संच मागवायचा होता.

धरणावरच्या इंजिनीअर साहेबानं माळावर भोकं पाडून गोल्फचं मैदान केलं होतं. त्याच्या बंगल्यातल्या चोरीचा तपास लावल्यापासून तो दर रविवारी आनंदरावांना खेळायला बोलावी आणि आपल्या जुन्या, लाकडी दांडीच्या काठ्या देई. मागच्या रविवारी त्यांतली एक आनंदरावांच्या हातून मोडली. साहेब रागावला नाही. एवढंच म्हणाला, "फौजदार, आता तुमी स्वतःचा घ्या. पन दांडी नीट बगून घ्या. कोनाला कडक लागते, कोनाला लवनारी लागते. चूक झाला, तर चेंडू ऐकनार नाय."

आनंदरावांचं न ऐकणारं भोरात तोवर कुणी नव्हतं. त्यांचं खाकरणं ऐकून बाजारातली भांडणं मिटत. मात्र पन्नाशी उलटली होती, पोट सुटलं होतं, आणि घोड्यावरून पडल्यापासून उजवा खांदा पुरता वर जात नव्हता. ही खांद्याची गोष्ट त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती.

"प्रत्येक दांडीवर एक इंग्रजी अक्षर दिसतंय. दुकानदार काय बोलला?" त्यांनी विचारलं.

"एस म्हंजी कडक, आर म्हंजी मधली, आन् एल म्हंजी लई लवती," जलाल म्हणाला. "फुडं कायतरी सांगत व्हता, पन माझी मोटार सुटायची येळ झाली."

आनंदरावांनी साहजिकच कडक उचलली. पहिल्या फटक्याला पातं मातीत रुतलं आणि मनगटापासून बगलेपर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसऱ्या फटक्याला चेंडू उजवीकडं कुंपणापार गेला आणि शेजारच्या बनाबाईंनी वाळत घातलेल्या कुरडयांवरून नांगर फिरवावा तसा फिरला.

बनाबाई चेंडू हातात घेऊन कुंपणाशी आल्या. "फौजदारसाहेब, माझा काय गुन्हा झाला म्हनायचा?"

"सरकारी काम चालू हाय, बनाबाई. चेंडू द्या हिकडं."

मग मधली दांडी. या वेळी चेंडू उठलाच नाही. जमिनीलगत सरपटत गेला आणि दारात बांधलेल्या सरकारी घोड्याच्या मागच्या पायावर बसला. घोडा दावं तोडून बाजाराच्या दिशेनं सुटला आणि त्याच्यामागं शिपाई कुंडलिक. फौजदारांचा घोडा मोकळा आणि मागं शिपाई अनवाणी पळतोय, हे पाहून बाजारात एकच समजूत झाली. सराफ कट्ट्यावरून उठले, दुकानांच्या फळ्या लागल्या, आणि घटकाभरात भोरवर दरोडा पडल्याची बातमी थेट सारोळ्यापर्यंत पोचली.

परसात आनंदरावांनी चेंडू पुन्हा मांडला. आता एकच काठी उरली होती.

एलची दांडी मागं गेली, किंचित लवली आणि सुटली. टक् असा गोड आवाज झाला. चेंडू चिंचेच्या शेंड्यावरून गेला, उन्हात चमकला आणि पार नीरेच्या वाळवंटात जाऊन पडला. जलालच्या तोंडातली विडी खाली पडली. खुद्द आनंदरावांना आपल्या हातांवर विश्वास बसेना.

"एल म्हंजी लार्ज," दांडीवरचं अक्षर न्याहाळत ते म्हणाले.

"आसंल," जलाल म्हणाला.

कचेरीत त्यांनी हे ज्याला त्याला सांगितलं. आपल्या अंगाला एस न् आर पुरत नाहीत, लार्जच लागतं, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. कुंडलिकानं पाणवठ्यापर्यंत ते पोचवलं.

जलाल एलचा संच घेऊन आला त्याच दिवशी संध्याकाळी साहेबाची मोटार दारात थांबली. साहेबासोबत मॅडमही होती. मोटार बघायला आळी जमली. बनाबाई कुंपणाशी होत्याच.

"फौजदार, तुमी आमाला कदी बोलला नाय," साहेब हसत म्हणाला. "तुमचा बायको गोल्फ खेळते?"

आनंदरावांना वाटलं, साहेब थट्टा करतोय. तेही हसले.

"मॅडम पुण्याला दुकानात गेली. दुकानदार बोलला, फौजदारच्या घरी एलचा संच पाठवला. एल म्हंजे लेडीज. बायकांचा दांडी. हिकडं मॅडमला खेळायला कोनी नाय. ती फार खूश हाय."

आनंदरावांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यामागं काही उरलं नाही. कुंडलिकानं मान खाली घातली. जलाल, आपली मोटार बंद पडली असावी तसा, उगाच रस्त्याकडं बघू लागला.

"व्हय," शेवटी आनंदराव म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "हिच्याचसाठी मागवल्या."

त्याच क्षणी त्यांची बायको सगुणाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. मॅडमनं पुढं होऊन त्यांचे दोन्ही हात धरले, ट्रेसकट. रविवारी सकाळी खेळायला यायचं, असं साहेबानं सांगितलं, तेव्हा सगुणाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. असला चेहरा त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला होता.

मोटार गेल्यावर त्या स्वयंपाकघरात म्हणाल्या, "माझं म्हायेर पाली गावचं. म्या डोंगरात गवताचे भारे वाहिलेत. गोल्फ कुठला यायला मला?"

"मी शिकवतो. चार फटके मार, मग दमले म्हन आन् बस."

"त्यापरीस सायबाला खरं सांगा. खांदा दुखतोय म्हनावं."

आनंदराव खाली बसले. "सगुणा, ह्या दंडाचा धाक हाय म्हनून मानसं हितं दाराला कुलूप न लावता झोपत्यात. बायकी दांडी म्हनल्यावर चोरसुदिक हसतील."

सगुणाबाईंनी भाकरी उलटली. "बरं. यीन. पन काठ्या माझ्या म्हनून सांगितल्यात, तर त्या माझ्याच हायती."

त्या वेळी आनंदरावांनी कशालाही हो म्हटलं असतं.

रविवारी सगुणाबाई लुगडं आवरून, पदर कंबरेला खोचून माळावर उभ्या राहिल्या. पहिला फटका हवेत गेला. दुसऱ्याला गवत उडालं. तिसऱ्याला खांद्यापासून कंबरेपर्यंत सगळं अंग एकदम फिरलं, आणि चेंडू सरळ निशाणाजवळ जाऊन थांबला. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. सगुणाबाईंनी आधी चेंडूकडं, मग काठीकडं पाहिलं. त्यानंतर दमल्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

आनंदरावांकडं आता काठ्या नव्हत्या. साहेबानं स्वतःची, एसची दिली. त्या काठीनं मारलेला एक चेंडू कालव्यात गेला, एक साहेबाच्या खानसाम्याच्या अंगावर. साहेबाला दया आली.

"फौजदार, एकदा बायकोची काठी घेऊन बगा."

आनंदरावांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी हात पुढं केला.

"न्हाई बाई," सगुणाबाईंनी पिशवी जवळ ओढली. "मला आजून समदी भोकं खेळायची हायती."

मॅडमला ते पटलं. साहेबालाही पटलं.

पुढचे कित्येक रविवार सगुणाबाई मॅडमबरोबर पुढं चालत आणि आनंदराव मागं कालव्यात चेंडू शोधत. घरी त्यांनी एकदा हळूच मागून पाहिलं, तर उत्तर आलं, "मोडलीबिडली तर मॅडमला काय सांगू?"

अखेर एका सकाळी ते मोटारीच्या अड्ड्यावर गेले. चहूकडं पाहून जलालच्या खिडकीशी वाकले.

"पुण्याला चाललास?"

"व्हय जी."

"दुकानात सांग, आनखी एक संच. एल."

जलालनं हसू गालात दाबलं. "आन् कुनासाठी म्हनून सांगू?"

"माझ्या मेव्हणीसाठी."

जलाल विचारात पडला. "फौजदारसाहेब, दुकानदार मॅडमला सांगनार. आन् मॅडम मेव्हणीलाबी भेटायला निगनार."

आनंदरावांनीही विचार केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जुना फौजदार परत आला.

"मेव्हणी ऱ्हाती पार वेल्ह्याच्या पल्याड," ते म्हणाले. "तिकडं मोटार जात न्हाई."